दोघांनी एकच ओळ बदललीय, मर्ज कसं करायचं?

निपाणीकर_डेव्ह
नमस्कार मंडळी. मी आणि चिकोडीचा एक मित्र मिळून अडत दुकानासाठी बिलाचं ॲप करतोय. कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे. मूळ ओळ होती:
रक्कम = वजन * दर
मी माझ्या ब्रँचवर (कोडच्या माझ्या वेगळ्या शाखेवर) पोत्याचं बारदान वजा केलं:
रक्कम = (वजन - बारदान) * दर
त्यानं मेनवर (मुख्य ब्रँचवर) राउंड घातला:
रक्कम = राउंड(वजन * दर)
मेन माझ्या ब्रँचमध्ये मर्ज (एकत्र) करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच ओळीतले दोन बदल गिटला आपणहून जुळवता येईनात. व्हीएस कोड एडिटरमध्ये 'ॲक्सेप्ट बोथ' (दोन्ही घ्या) दाबलं. एरर काहीच नाही, पण ५१.५ किलोच्या पोत्याला, दीड किलो बारदान धरून, ४० च्या दरानं २००० यायचे ते २०६० येतात. काय करू कळेना झालंय.

खानापूरचा_कोडवाला
त्या बटणानं दोन्ही ओळी एकीखाली एक ठेवल्या. खालच्या ओळीनं वरची रक्कम पुसली, म्हणून बारदान गेलं. गिटला फक्त ओळी दिसतात, हिशेब दिसत नाही. इथं दोन्ही बाजूंची कुठलीच ओळ बरोबर नाही, तिसरी हातानं लिहावी लागते:
रक्कम = राउंड((वजन - बारदान) * दर)

आता मर्ज कमिट झाला (गिटमध्ये नोंदला गेला) नसेल तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' करून तो रद्द करा आणि सेटिंगमध्ये 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाईल' ला 'झेडडिफ३' द्या. गिट २.३५ पासून आहे. मग परत मर्ज करा. आता ||||||| या खुणेखाली मूळ ओळसुद्धा दिसेल. ती बघितल्याशिवाय कुणी काय बदललं ते कळत नाही, आणि अंदाजानं मर्ज केला की शेतकऱ्याची पट्टी चुकते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण असल्या चुकीला एरर येत नाही.

आणि मित्राला फोन लावा. राउंड दर पोत्याला करायचा की एकूण बिलावर?

उद्यमबाग७
अण्णा, मर्जऐवजी रिबेस (आपले कमिट मेनच्या टोकावर परत रचणं) करत असाल तर 'अवर्स' (आपलं) आणि 'देअर्स' (समोरच्याचं) उलटे होतात. तिथं 'देअर्स' म्हणजे तुमचेच कमिट. बघून दाबा.

निपाणीकर_डेव्ह
मूळ ओळ दिसल्यावर लगेच उलगडलं. मित्र म्हणाला, दुकानदाराला राउंड एकूण बिलावरच हवा होता. म्हणून पोत्याच्या ओळीत फक्त बारदान ठेवलं, राउंड शेवटच्या बेरजेवर नेला. त्या पोत्याचे २००० बरोबर आले. आता ५१.५ चं हेच पोतं टेस्टमध्ये घालतोय. आभारी आहे.