कामाची जागा कामगारांना विचारून सुधारायची आहे : अंबडमधील कारखान्यासाठी सल्ला हवा

धागाकर्ता (अंबड)

आमच्या कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांचे मशीनिंग आणि असेंब्ली होते, आणि उत्पादन विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. कंबर, खांदा आणि मनगट यांच्या दुखण्यामुळे रजा घेणाऱ्यांचे प्रमाण अलीकडे वाढले, म्हणून व्यवस्थापनाने सल्लागार नेमून उंची कमी-जास्त करता येणारी टेबले आणली. परंतु ती बसवली त्या दिवशी ज्या उंचीवर होती, आजही त्याच उंचीवर आहेत. सूचनापेटीत चहा आणि बसच्या वेळा यांपलीकडे काही पडत नाही. निम्मे कामगार ठेकेदाराचे आहेत. या सर्वांना सुधारणेत खरोखर सहभागी कसे करून घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुपरवायझर (सातपूर)

टेबले आणण्यापूर्वी त्यांच्यापाशी आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला कोणी काही विचारले होते का? तसे नसेल, तर ती टेबले कामगारांच्या दृष्टीने साहेबांची आहेत आणि त्यांना हात लावण्याची जोखीम कोणी घेणार नाही.

सूचनापेटी काही काळ बाजूला ठेवा. एका कागदावर मानवी शरीराची पुढून आणि मागून आकृती छापून घ्या आणि शिफ्ट संपताना, नाव न लिहिता, जिथे दुखते तिथे फुली मारायला सांगा. कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांनाही जमते. एकाच स्टेशनवरच्या (म्हणजे लाइनवरच्या एका कामाच्या जागेवरच्या) कागदांवर उजव्या खांद्यावर फुल्या दाटल्या, की सुरुवात कुठून करायची हे वेगळे सांगावे लागत नाही. मग त्या स्टेशनचे दोन-तीन ऑपरेटर, एक मेंटेनन्सचा माणूस आणि निर्णय घेऊ शकणारा एक अधिकारी यांनी यंत्रापाशीच उभे राहून बोलावे. मीटिंग रूममध्ये बोलावलेला ऑपरेटर मान डोलावून परत जातो, हे मी नोकरीभर पाहिले.

उदाहरण देतो. आमच्याकडे कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, खोल लोखंडी बिनमध्ये (पेटीत) येत असत. वरचे थर कंबरेच्या उंचीवर मिळत. तळचा थर काढताना मात्र माणूस बिनच्या कडेवर पोट टेकवून अर्धा आत वाकत असे. होइस्टची (वजन उचलणाऱ्या यंत्राची) मागणी खर्चामुळे अडून राहिली होती. तिथल्याच एका हेल्परने सुचवले की बिनची एक बाजू बिजागरीने खाली पडेल अशी करावी आणि बिन तिरक्या स्टँडवर ठेवावा. स्टँड भंगारातल्या अँगलमधून वेल्डिंग करून झाला. पहिला स्टँड जरा उंच झाला, तो कापून कमी केला. म्हणूनच कोणताही बदल आधी लाकडी ठोकळे, पुठ्ठा असे काहीतरी लावून वापरून पाहावा आणि त्या काळात टार्गेट सैल ठेवावे. अन्यथा नवीन पद्धतीने वेग घटला की माणूस दुपारपर्यंत जुन्यावर परततो.

उंचीचा ढोबळ नियम असा, की हलक्या कामाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली, बारीक नजरेचे काम कोपराच्या किंचित वर, तर जोर लावायचे काम बरेच खाली असावे. दोन शिफ्टमध्ये उंच आणि बुटकी माणसे आलटून पालटून येतात, तेव्हा प्रत्येकाच्या उंचीची रंगीत खूण टेबलाच्या पायावर करा.

एचआर, सिन्नर

कायद्याचा आधारही हाताशी असू द्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षा समितीतील कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत. वजनाबाबत अमेरिकेतील नायोश संस्थेचे सूत्र आदर्श स्थितीतही २३ किलोच धरते, आणि वस्तू अंगापासून लांब, जमिनीवरून किंवा कंबर वळवून उचलायची असल्यास ही मर्यादा झपाट्याने घटते. पन्नास किलोची गोणी 'सवयीची आहे' असे म्हणणाऱ्यांना हे दाखवावे.

पॅकहाउस, पिंपळगाव

आमचे काम द्राक्षांचे, त्यामुळे तुमच्या यंत्रांबद्दल मी बोलणार नाही. घडातील खराब मणी काढताना दिवसभर कात्री चालवून बायकांचा अंगठा भरून येत असे, पण तक्रार कधी आली नाही, कारण हंगाम थोडा आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ही धास्ती. शेवटी मुकादमबाईंच्या मार्फत विचारल्यावर कळले की कात्रीची स्प्रिंगच कडक होती आणि काही जणी घरून आपली कात्री आणत होत्या.

धागाकर्ता (अंबड)

सर्वांचे आभार. आकृतीचा कागद पुढील आठवड्यात एका लाइनवर देतो. मात्र आमच्या गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा फलक आहे आणि आकडा वाढला की लाइनला बक्षीस मिळते. त्याचे काय करावे?

निवृत्त सुपरवायझर (सातपूर)

बक्षीस तत्काळ बंद करावे. एकाने बोट चेपल्याचे सांगितले तर साऱ्या लाइनचे बक्षीस जाते, मग तो रुमाल गुंडाळून काम करतो. त्याऐवजी सांगितलेल्या प्रत्येक दुखण्यावर किंवा थोडक्यात टळलेल्या प्रसंगावर काय केले, कोणी केले आणि केव्हापर्यंत होईल, हे त्याच फलकावर मराठीत आणि हिंदीत लिहा. जे करता येणार नाही त्याचे कारणही लिहा. ठेकेदाराकडून मात्र लेखी घ्या, की दुखणे सांगितले म्हणून कोणाचा गेटपास रद्द होणार नाही. हे पत्र हाती येईपर्यंत ठेक्याच्या माणसांना कागद देऊ नका, कारण नाव नसले तरी स्टेशनवरून माणूस ओळखता येतो.

धागाकर्ता (अंबड)

ठेकेदाराशी सोमवारी बोलतो. तोपर्यंत कायम कामगारांच्या लाइनपासून सुरुवात करतो.