शेणोली स्टेशनचा एक धागा राहिला

वर कुणीतरी सातारा जिल्ह्यातल्या शेणोली स्टेशनबद्दल ‘पॅसेंजर थांबते, बाकी काही नाही’ असं लिहिलंय. थांब्यांचं खरंय, एक्सप्रेससाठी सहसा कराड किंवा किर्लोस्करवाडी गाठावी लागते. पण या स्टेशनाचा इतिहास फार मोठा आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या (साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या) तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाने, पुणे-मिरज मार्गावरची सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी शेणोलीजवळच अडवली. आधी रुळांवर दगड रचले, गाडी थांबल्यावर मागेही रचले, म्हणजे मागे पळायचीही सोय नाही! नेतृत्व होतं जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांचं, दोघेही सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे. लुटीचा पैसा चळवळीला गेला. पुढच्या वेळी पॅसेंजरने जाल तेव्हा तिथलं स्मारक आवर्जून पाहा.