विषय: रास्पबेरीचा जॅम दगडासारखा का होतो?

डेन्व्हरहून, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी,

मागच्या अंगणातल्या रास्पबेरीला यंदा भरपूर फळ आलंय. रोज सकाळी वाटीभर निघते, आठवड्याला किलोभर सहज जमते. दोन वर्षं मी जॅम करतोय आणि दोन्ही वर्षं एकच रड. थर्मामीटर लावून बरोबर १०५ अंशांवर गॅस बंद केला, तरी दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा जात नाही आणि चव करपलेल्या पाकासारखी लागते. मागच्या कार्यक्रमाला रास्पबेरीचं श्रीखंड आणलं होतं, त्यालाही पानात वाढेपर्यंत पाणी सुटलं.

नागपूरच्या काकू अजून आपल्या ईमेल यादीवर असतील तर त्यांना खास विनंती. मुलाकडे इथे राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी आणलेला तुतीचा मुरंबा मी विसरलेलो नाही.

नागपूरहून, रविवार

अरे, आहे मी यादीवर. रोज सगळ्यांच्या मेली वाचते.

तुझा थर्मामीटर ठीकच असणार. १०५ हा आकडा समुद्रकाठच्या गावांसाठी लिहिलेला असतो, आणि तू राहतोस समुद्रसपाटीपासून एक मैल उंचावर. तिथे पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळतं. जॅम धरतो तो त्यातली साखर साधारण ६५ टक्क्यांवर आली की, आणि तेव्हा तो पाण्यापेक्षा साडेचार-पाच अंश वर उकळत असतो. म्हणजे तुझ्याकडे ९९-१०० ला काम झालं. तू १०५ पर्यंत थांबतोस तोवर पाणी उडून साखर ८० टक्क्यांच्या घरात जाते. मग तो गोळीबंद पाकच होतो, दुसरं काय होणार!

आमचं नागपूर ३१० मीटरवर. इथे पाणी ९९ ला उकळतं, म्हणून मी १०३-१०४ ला उतरवते. तू असं कर, आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर बुडव. जो आकडा येईल त्यात साडेचार मिळव. तुझ्या घरचा आकडा तोच.

तरी माझा भरवसा ताटलीवर जास्त. सासूबाई जॅम रटरटायला लागला की एक स्टीलची ताटली पालथी करून माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवत. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, कूलरची हवासुद्धा कोमट, पण माठाजवळची ताटली गार असायची. तिच्यावर एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने हळूच पुढे ढकलायचा. दुधावरच्या सायीला पडते तशी सुरकुती त्याला पडली की गंज, म्हणजे पातेलं, लगेच खाली. ताटली बघेपर्यंत गॅस बंद ठेवायचा, हे विसरू नकोस. त्या एका मिनिटातही जॅम पुढे जातो.

आमच्याकडे अंगणात एक तुती आणि कुंपणाशी दोन फालसे आहेत. तुती फेब्रुवारीअखेरीला पिकू लागते. फरशी जांभळी होते, बुलबुल सकाळी सहालाच हजर असतात, म्हणून झाडाखाली जुनी चादर बांधून फांद्या हलवाव्या लागतात. तुती गोड पण आंबटपणा कमी, आणि पेक्टिनही, म्हणजे फळातलं जॅम धरून ठेवणारं द्रव्यही, कमी. नुसती साखर घालून आटवली तर सरबतच राहतं. मी किलोला ७०० ग्रॅम साखर आणि तीन लिंबांचा रस घालते, शिवाय चौथा हिस्सा तरी तांबूस, न पिकलेली फळं मुद्दाम तोडते. कच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं. पूर्ण पिकून मऊ झालेली फळं आपण जॅमला ठेवतो आणि चांगली खाऊन टाकतो, तिथेच चुकतं. तुझ्या रास्पबेरीलाही हेच कर, तीन मुठी पिकलेल्या तर एक मूठ अर्धी कच्ची.

त्याच दिवसांत मृग बहाराची संत्री बाजारात असतात. गोकुळपेठेच्या बाजारातून आणली की बिया आणि सालीच्या आतला पांढरा गर मी टाकत नाही. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून तुतीबरोबर शिजवते आणि शेवटी घट्ट पिळून काढते. जो चिकट रस निघतो तो बोटाला लागला की कळतं, जॅम यानेच धरतो. तुला तिथे लिंबाच्या बियाही चालतील.

फालशाचं वेगळं. फळ वाटाण्याएवढं, आणि सगळं झाड एकदम कधी पिकत नाही. एप्रिल-मेमध्ये रोज थोडं थोडं वेचावं लागतं. तोडलं की दिवसभरात संपवायचं. एका नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मी सकाळी काढलेला रस दुपारी ओट्यावरच विसरले, संध्याकाळी झाकण उघडलं तर फेस वर आलेला. आता रस गाळला की लगेच साखर घालून उकळते. आणि मिक्सर कधीच नाही, बी फुटली की कडवट होतं. हाताने कुस्करायचं, गाळायचं. काळं मीठ आणि भाजलेलं जिरं घातलेलं फालशाचं सरबत उन्हातून आलेल्या माणसाला द्यावं, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या नातवंडांना ते दर उन्हाळ्यात मिळावं एवढीच माझी इच्छा आहे.

गंज स्टीलचा घे, ॲल्युमिनियमचा नको, आंबट फळाला त्याची चव लागते. आणि निम्म्याच्या वर भरू नकोस, फेस उसळून अंगावर येतो. सराटा लांब दांड्याचा असू दे. किलोपेक्षा जास्त एका वेळी करू नकोस. जास्त वेळ शिजलं की रंग काळपटतो आणि पेक्टिनही मोडतं.

श्रीखंडाचं: कच्च्या फळावर साखर पडली की ते पाणी सोडणारच. रास्पबेरी थोड्या साखरेत आधी आटव, बिया नको असतील तर गाळ, फ्रिजमध्ये पूर्ण गार कर. चक्का रात्रभर टांगलेला असू दे. दोन्ही वाढायच्या तासभर आधीच एकत्र कर. वेलची अगदी चिमूटभर, जायफळ नको, बेरीचा वास मरतो.

तुमची नागपूरची काकू

न्यू जर्सीहून, रविवार संध्याकाळी

काकू, माझी ब्लॅकबेरीची बासुंदी दर वेळी फाटते. आटवताना शेवटी फळ घालते.

डेन्व्हरकरांना एक सुचवते. उन्हाळी जातीच्या रास्पबेरीच्या ज्या काठ्यांना यंदा फळ लागलं त्या तोडणी संपल्यावर जमिनीलगत कापा. हिरव्या नव्या काठ्यांना मात्र हात लावू नका, पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावर येतं. मी पहिल्या वर्षी सगळंच सपाट केलं आणि पुढचा उन्हाळा कोरडा गेला.

नागपूरहून, सोमवार

फालशाचं बरोबर उलटं बघ. त्याला नव्या फुटीवरच फळ येतं, म्हणून आम्ही डिसेंबर-जानेवारीत त्याची चांगली छाटणी करतो.

बासुंदी गरम असताना आंबट फळ कधीच घालू नये. दूध वेगळं आटवून थंडगार कर. ब्लॅकबेरी साखरेत शिजवून तीही थंड कर, आणि वाटीत आधी बासुंदी, वर एक चमचा फळ असं वाढ. ढवळू नकोस, खाणारा आपलं आपण ढवळतो. पांढऱ्यावर जांभळी रेघ दिसतेही सुंदर.

डेन्व्हरला एक राहिलं. बरण्या महिनोन्महिने बाहेर ठेवायच्या असतील तर भरून झाकण लावल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून १० मिनिटं ठेव. सखल भागात ५ पुरतात, तुझ्या उंचीला १० हवीत. साखर कमी घातली असेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेव आणि तीन-चार आठवड्यांत संपव.

डेन्व्हरहून, पुढचा रविवार

काकू, पाणी ९४.८ ला उकळलं. मी ९९.३ ला गॅस बंद केला, ताटलीवर थेंब सुरकुतला. खरं सांगतो, मला तो पातळच वाटत होता आणि परत गॅस लावायला हात शिवशिवत होता. बायकोने गंज उचलून बाजूला ठेवला. सकाळी बरणी तिरकी केली तर जॅम हळूच सरकला, लाल, आरपार उजेड दिसणारा. मुलीने तूप लावलेल्या पोळीवर घेऊन दोन पोळ्या खाल्ल्या.

सहा बरण्या झाल्या. माझा भाऊ सप्टेंबरमध्ये नागपूरला येतोय. एक त्याच्याबरोबर पाठवतो, घरपोच देईल.