प्रोसेस बदलताना रजिस्टरं नेमकी जपली कशी जातात? शिकायला सुरुवात कुठून करू?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला वहीत उतरवून घेतलं, "कॉन्टेक्स्ट स्विचच्या वेळी कर्नल प्रोसेसची रजिस्टरं पीसीबीत साठवतो." (कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे प्रोसेसरनं एका चालू प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाणं, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरमधल्या किमती ठेवायच्या छोट्या जागा, पीसीबी म्हणजे कर्नलनं ठेवलेली प्रोसेसची नोंद.) एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. साठवणारा कोडसुद्धा त्याच प्रोसेसरवर चालतो ना? मग पीसीबीचा पत्ता धरायला त्याला एक तरी रजिस्टर लागणार. ते वापरलं की त्यात प्रोसेसनं ठेवलेलं गेलं! मग पहिलं पाऊल टाकतात कुठं? तासाला विचारलं, तर सिलॅबसमध्ये नाही म्हणून विषय मिटला.

सी बऱ्यापैकी येतं, असेंब्ली जेमतेम. लॅपटॉपवर उबुंटू आहे. रोज तासभर, दिवाळीपर्यंत देऊ शकतो. थेट लिनक्सचा सोर्स उघडू, की आधी काही लहान बघू?

राजारामपुरीकर
लिनक्सच उघड भावा. पुढं नोकरीत तेच लागणार आहे. एक्स८६ चा (म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांचा) एंट्री कोड आणि त्यातला स्विच-टू चा भाग शोध. तिथं फक्त सहा रजिस्टरं स्टॅकवर (मेमरीतल्या किमतींच्या ढिगावर) ढकललेली दिसतील, मग स्टॅक पॉइंटर बदलला की झालं.

रंकाळा_ताई
राजारामपुरीकर, तुमचं म्हणणं खरं आहे, पण मी त्याच वाटेनं गेले होते आणि तीन आठवडे मॅक्रोच्या जंगलात फिरत होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ती वाट सांगू नये असं मला मनापासून वाटतं. सहाच रजिस्टरं का, बाकीची कुठं गेली, हे तिथं एका जागी दिसत नाही.

पंचगंगाकाठ, तू एक्सव्ही६ घे. एमआयटीनं शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी सिस्टिम आहे, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या धर्तीवर. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरसाठीची आवृत्ती उतरवून घे, क्यूएमूवर (लॅपटॉपवरच दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालते.

तुझा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जपणूक दोनदा होते. पहिली, प्रोसेस कर्नलमध्ये शिरताना. तुझं पहिलं पाऊल इथं आहे. रिस्क-फाइव्हमध्ये एसस्क्रॅच नावाचं एक जादा रजिस्टर आहे, युजर प्रोग्रॅमला त्याला हात लावता येत नाही. कर्नलमध्ये शिरताच ए० या साध्या रजिस्टरमधली किंमत त्यात टेकवतात. झालं, ए० मोकळं. मग ए० मध्ये ट्रॅपफ्रेमचा (त्या प्रोसेसची रजिस्टरं ठेवायची मेमरीतली जागा) पत्ता घ्यायचा आणि बाकीची एकेक करून तिथं उतरवायची. शेवटी एसस्क्रॅचमधून खऱ्या ए० ची किंमत काढून तीही लिहायची. एकूण ३१ रजिस्टरं. बत्तिसावं कायम शून्य असतं, ते कशाला जपायचं? प्रोग्रॅम कुठं थांबला होता तो पत्ता प्रोसेसर आपणहून वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवतो, सी कोड तोही ट्रॅपफ्रेममध्ये टाकतो.

एक्स८६ वर इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवणारा इशारा) आला, की हे पहिलं पाऊल प्रोसेसर स्वतः टाकतो. आधीचा स्टॅक, फ्लॅग आणि परतीचा पत्ता मिळून पाच किमती कर्नलच्या स्टॅकवर ढकलतो, तेव्हा कुठं कर्नलची पहिली सूचना चालते. म्हणजे हार्डवेअरनं थोडा हात दिल्याशिवाय हे काम होतच नाही. पीसीबीच्या त्या चौकोनी आकृतीत नेमकं हेच दिसत नाही.

दुसरी जपणूक कर्नलच्या आत, एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाताना. ती 'एस-डब्ल्यू-टी-सी-एच' नावाच्या फाईलमध्ये आहे (मधे आय नाही, शोधताना चुकतं). १४ स्टोअर (मेमरीत लिहिणं), १४ लोड (मेमरीतून परत घेणं) आणि एक रिटर्न.

पंचगंगाकाठ
ताई, हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. पण मग दुसऱ्या वेळी १४ च का? आधी ३१ लागली होती ना?

उद्यमनगर_लेथ
मी सांगतो. वडिलांचं उद्यमनगरात जॉबवर्कचं दुकान आहे, म्हणून तिथलंच उदाहरण. लेथवर एक जॉब चालू आहे आणि मधेच तातडीचा दुसरा आला. कारागिराला न सांगता मशीन थांबवली, तर टूल कुठं होतं, किती कट घेतला, फीड काय, सगळं कार्डावर लिहावं लागतं. पण कारागीर स्वतः म्हणाला, "थांब, एवढं मोजमाप लिहितो, मग दे दुसऱ्याला", तर त्याच्या हातातलं त्यानं आधीच खाली ठेवलेलं असतं. कार्डावर मोजकंच लिहायचं उरतं.

इंटरप्ट म्हणजे न सांगता थांबवणं, म्हणून ३१. आतला स्विच म्हणजे साधा फंक्शन कॉल. ज्यानं कॉल केला, त्याच्या बाजूची रजिस्टरं कंपायलरनं आधीच स्टॅकवर ठेवलेली असतात. उरतात आरए (परतीचा पत्ता), एसपी (स्टॅक पॉइंटर) आणि एस० ते एस११. मोज, १४ च भरतात. लिनक्सची सहा रजिस्टरं हाच हिशोब आहे, राजारामपुरीकर.

शिरोली_बोर्डवाला
एक माझ्याकडून. शिरोली एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डांवर काम करतो. आमच्या एका भट्टीच्या बोर्डावर तापमान मधेच वेडंवाकडं यायचं. सेन्सर बदलला, वायर बदलल्या, अर्थिंग तपासलं. तीन आठवडे गेले. शेवटी कळलं, बोर्डावरच्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर टास्क बदलायचा कोड आम्हीच लिहिला होता आणि त्यात दशांशाच्या हिशोबाची वरची १६ रजिस्टरं, एस१६ ते एस३१, जपलीच नव्हती. दोन टास्क एकाच वेळी दशांशाचा हिशोब करत असतील तेव्हाच घोळ व्हायचा. खालची हार्डवेअर बघतं, वरची आपण बघायची असतात.

तेव्हा फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे या दशांशाच्या रजिस्टरांचा भाग सोडू नकोस. लिनक्समध्येही पूर्वी ही रजिस्टरं आळसानं बदलायची पद्धत होती, दुसऱ्या प्रोसेसनं हात लावला तरच. २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांवर त्याच वाटेनं दुसऱ्या प्रोसेसची रजिस्टरं वाचता येतात हे बाहेर आलं. आता कुणी हात लावायची वाट न बघता आधीच बदलतात.

रंकाळा_ताई
बोर्डवाल्यांचा मुद्दा पक्का, पण तो दुसऱ्या महिन्यात. आधी एक्सव्ही६ एकाच सीपीयूवर चालव, सीपीयूची संख्या १ करून. नाहीतर जीडीबीत (कोड थांबवत थांबवत बघायचं साधन) गोंधळून जाशील. त्या स्विचच्या फाईलमधल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लाव आणि एकेक सूचना पुढं सरक. प्रत्येक वेळी आरए आणि एसपी वहीत लिही. वहीतच, स्क्रीनवर बघून सोडू नकोस.

पंचगंगाकाठ (चार दिवसांनी)
ब्रेकपॉइंट लावला! पहिल्याच खेपेला दुसऱ्या लोडनंतर एसपी ८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून एकदम ३ आणि पुढं एफच एफ असलेल्या पत्त्यावर गेला. शेवटी तीन शून्यं. रिटर्न झालं आणि मी फोर्करेट नावाच्या फंक्शनमध्ये. पण ताई, तिथून तर हे फंक्शन कुणी कॉलच केलं नव्हतं. मग परत तिथं कसं गेलं?

रंकाळा_ताई
शाब्बास. ती तीन शून्यं म्हणजे स्टॅक अजून कोरा आहे, माथ्यापासून सुरुवात. ही प्रोसेस पहिल्यांदाच चालतेय, तिचं जपलेलं असं काही नाहीच. म्हणून प्रोसेस तयार करतानाच आरए मध्ये फोर्करेटचा पत्ता आणि एसपी मध्ये स्टॅकचा माथा हातानं लिहून ठेवलेला असतो. स्विचला वाटतं ही आधी कधीतरी थांबली होती. अ‍ॅलॉकप्रॉक (प्रोसेस तयार करणारं फंक्शन) उघड, शेवटच्या ओळींत सापडेल.