डॉक्युमेंटरी बघून रमोन्स या पंक रॉक बँडचं वेड परत आलंय, त्यांची एकच एलपी (मोठी रेकॉर्ड) घ्यायचीय, कोणती घेऊ?

जुनी_कॅसेट: काल रात्री 'एंड ऑफ द सेंच्युरी' बघितली, नंतर झोपच लागेना. हॉस्टेलला एका सिनियरने भरून दिलेली कॅसेट होती माझ्याकडे, दोन वर्षं तीच वाजवली, मग टेप प्लेअरमध्ये गुंडाळली गेली आणि रमोन्स सुटले ते सुटलेच. गायक जोई आणि गिटारवाला जॉनी वर्षानुवर्षं एका गाडीतून फिरत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते हे मला आत्ता कळतंय. पहिल्या चौघांतलं आज कुणीच नाही. गळा दाटून आला. टर्नटेबल आहे, चालू आहे. पैसे एकाच एलपीपुरते, बऱ्याच रेकॉर्ड्सचा बॉक्स सेट नको.

सुई_खाली: पहिलीच घे. १९७६. १४ गाणी, २९ मिनिटं, ६४०० डॉलरच्या आसपास खर्चात झालेली. डोळे झाकून घे.

ढोलकीवाला७७: इट्स अलाइव्ह, त्यांची लाइव्ह एलपी!! ३१ डिसेंबर १९७७, लंडनचं रेनबो थिएटर, २८ गाणी तासाच्या आत. बेसवाला डी डी वन-टू-थ्री-फोर ओरडतो की पुढचं सुरूच, टाळ्या वाजवायलाही उसंत नाही. डबल एलपी आहे पण पैसे वसूल.

मंद्रसप्तक: बॉक्स सेटच घे रे, मी घेतला, परत परत खर्च नको. आणि सुई पण बदलून टाक.

तारतुटली: पहिली घेणार असशील तर आधी दोन्ही स्पीकर तपास. तिच्यात बेस डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे. माझा उजवा स्पीकर गेलेला, मला पत्ताच नाही, नुसता बेस, ड्रम आणि जोईचा आवाज, मी रेकॉर्ड खराब समजून परत करून आलो. दुसरी आणली, तीपण तशीच! नंतर बॅलन्सचं बटण फिरवून बघितलं तेव्हा कळलं. आता मुलगी गिटारचा चॅनल बंद करून त्यावर स्वतः वाजवते, शिकायला याच्यासारखं काही नाही.

सुई_खाली: २०१६ ला ४० वर्षांच्या एडिशनमध्ये मोनो मिक्सची एलपी आलीये, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सगळं सारखंच, तिच्यात हा प्रश्नच नाही. पहिलीच घे.

ढोलकीवाला७७: ती पण सेटमध्येच आलेली. त्याला परवडेल असं सांगा.

पावसाळी: चौघं सख्खे भाऊ ना? भावांची भांडणं अशीच असतात, आमच्याकडेही तेच.

तारतुटली: भाऊ नाहीत हो, रमोन हे आडनाव सगळ्यांनी घेतलेलं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी कधीकाळी पॉल रमोन नाव लावायचा त्यावरून.

मंद्रसप्तक: जॉनीचा हात बघितला का पण? सगळे डाउनस्ट्रोक, वर जाताना तार लागतच नाही. मी तीन गाणी केली आणि मनगट धरून बसलो, त्याने २२६३ शो केले.

पावसाळी: मग पहिलीच घ्या.

जुनी_कॅसेट: सगळ्यांचे मनापासून आभार. स्पीकर तपासले, दोन्ही ठीक आहेत. पण घेतली रोड टू रुइन, १९७८ ची, टॉमीच्या जागी मार्की ड्रमवर आला ती. माझ्या कॅसेटच्या बी साइडला हीच होती. एकदा टेप तुटली तेव्हा चिकटपट्टीने जोडलेली, तिथे एका गाण्यातली अर्धी ओळ गायब व्हायची आणि मी ते गाणं कायम तसंच म्हणत आलो. आज संध्याकाळी ती ओळ पूर्ण ऐकली. सुई उचलून परत मागे ठेवली, चार वेळा.