बारावीनंतर रोमान्स भाषा : एकच घ्यायची की सगळ्या?

दांडियाबाजारची आई
नमस्कार. लेक यंदा बारावीला, आर्ट्स. शाळेत तीन वर्षं फ्रेंच झालं, आता म्हणते, "रोमान्स भाषांत डिग्री करणार." म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज सगळंच! (तिच्या बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल ते ओळखा.) असा कोर्स असतो का? बडोदं सोडावं लागेल का? घरी मराठी, शेजारी गुजराती, कॉलेजात हिंदी-इंग्रजी, त्यात आणखी चार घालून खिचडी नको व्हायला.

सीए व्हायचं राहिलं
भाषा क्लासलाही येते. बी.कॉम. करू दे, संध्याकाळी फ्रेंच.

फतेगंजची माशी
ताई, मी याच वाटेने गेले. चारही भाषांचा मिळून बी.ए. आपल्याकडे सहसा नसतो. दिल्ली विद्यापीठात विभागाचं नावच 'जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीज' आहे, पण ऑनर्सला मुख्य भाषा एकच. जेएनयूत स्पॅनिश अगदी अआइईपासून शिकवतात. दोन्हीकडे प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेने. इथे बडोद्यात एम. एस. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंच आहे, आधी तिथे चौकशी करा.

खिचडीचं म्हणाल तर उलटंच होतं. दिल्लीत पहिलं वर्ष मी रडत काढलं. मग एका सरांनी फळ्यावर या चौघींची आई लॅटिन, तिच्यातला 'क्लाविस' लिहिला, म्हणजे किल्ली. त्याचं फ्रेंचमध्ये क्ले, इटालियनमध्ये क्यावे, स्पॅनिशमध्ये यावे, पोर्तुगीजमध्ये शाव. आपली चावी पोर्तुगीजांचीच. ते इकडे आले तेव्हा त्यांच्या तोंडी अजून 'च' होता, 'श' नंतर झाला. पुढे 'भरलेला' या अर्थाचा 'प्लेनुस' : फ्रेंच प्लँ, इटालियन प्येनो, स्पॅनिश येनो, पोर्तुगीज शेयु. तोच साचा! मला एकदम आमची पोळ, म्हणजे गल्ली, आठवली. आई म्हणायची माशी, शेजारच्या बेन म्हणायच्या माखी. आमचं शेत, त्यांचं खेतर. संस्कृतातला 'क्ष' मराठीत 'श' (कुठे 'स') झाला, गुजरातीत 'ख'. बडोद्याची पोरगी हा हिशेब लहानपणापासून करते, तिला कुणी सांगितलेलं नसतं इतकंच.

लिंगांचा मात्र त्रास होतो. लॅटिनमध्ये दूध नपुंसकलिंगी, आपल्यासारखंच. पुढे ते लिंगच गेलं, तर फ्रेंचांनी दूध पुल्लिंगी केलं आणि स्पॅनिशांनी स्त्रीलिंगी. पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

सीएभाऊ, नुसतं बोलायचं असेल तर क्लास पुरे, तुमचं खरं आहे. डिग्रीत कविता, व्याकरणाचा इतिहास, अनुवाद हेच जास्त; बोलणं कच्चं राहतं. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत फ्रेंचची डेल्फ परीक्षा, बी२ पातळीची, द्यायलाच लावा, ते प्रमाणपत्र कायमचं असतं. मी फ्रेंच मुख्य ठेवून स्पॅनिश जोडीला घेतलं, आणि आज पोट भरतंय ते स्पॅनिशवर : औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं घरबसल्या भाषांतरित करते. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे वेळेवर येतात.

आणि ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, १९२० साली पॅरिसला छापला. मूळ फ्रेंचमधून वाचताना मला आमचीच बोली परक्या घरात भेटल्यासारखं झालं.

दांडियाबाजारची आई
जेवताना माशी-माखी वाचून दाखवलं. कन्या विचारते, मग आपला ऊस आणि गुजरातीत त्यालाच म्हणतात त्या शेरडीचं काय?

फतेगंजची माशी
शेरडी वेगळ्या घराण्यातली. उसाची बहीण हिंदीत, ईख. दोघी 'इक्षु'च्या. पोरीला फॉर्म भरू द्या.