मदत हवी आहे: जेमरसनसारखा एका बोटाने बेस वाजवायचाय, जमत नाहीये

नमस्कार मंडळी, मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, आठेक वर्षं झाली, आणि गेले दोन महिने नुसता जेम्स जेमरसन ऐकतोय. टेम्प्टेशन्स ग्रुपच्या माय गर्ल गाण्याला सुरुवातीला एकटा बेस येतो ना, तो याचा. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत १९५९ पासून गायकांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा, सुप्रीम्स, स्टीवी वंडर, मार्विन गे, सगळ्यांच्या मागे हाच, आणि इतकी वर्षं रेकॉर्डवर नाव नाही हो! १९७१ ला मार्विन गेचा व्हॉट्स गोइंग ऑन अल्बम आला तेव्हा कुठे कव्हरवर वादकांची नावं छापली. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, हा पण मागोमाग गेला, पण पूर्वीसारखं काम राहिलं नाही, १९८३ ला ४७ व्या वर्षी गेला. वाचून खरंच पोटात कालवलं, आपणही स्टेजवर मागेच उभे असतो.

तर अडचण अशी की तो फक्त उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वाजवायचा, आधी उभा बेस (उभं राहून वाजवायचा मोठा, व्हायोलिनसारखा) वाजवायचा त्याची ती सवय, त्या बोटाला लोक हुक म्हणायचे. मी दोन बोटांनी वाजवलं की सूर सगळे लागतात पण लयीतला तो झोका येत नाही, आणि एका बोटाने वाजवलं की फास्ट जागेला मागे पडतो, दहा मिनिटांत मनगट भरून येतं. त्याचा बेस फेंडर कंपनीचा प्रिसिजन होता, जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणे. सूर लांबू नये म्हणून मी भांड्यांचा नवा स्पंज कापून ब्रिजपाशी (तारा जिथे खाली अडकतात तिथे) तारांखाली खुपसलाय, घुमारा बऱ्यापैकी बंद झालाय, पण माझ्या तारा राउंडवाउंड (खरबरीत) आहेत. आधी तारा बदलू की आधी बोट बसवू? कोणी केलंय का असं?

प्रतिसाद:
दादा, तारा नंतर, आधी बोट. बारीक तारेवरून जाड तारेकडे येताना बोट उचलूच नका, छेडलं की ते आपोआप पुढच्या तारेवर टेकतं, तिथूनच पुढचा सूर ओढा. मोकळ्या तारा जास्त वापरा, तो पण भरपूर वापरायचा, डाव्या हाताला जागा बदलायला वेळ मिळतो. आणि मनगट भरून आलं की लगेच थांबा, रेटू नका. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून रोज पाच मिनिटं, बास.

धागाकर्ता:
बोट उचलत होतो हो! तिथेच उशीर होत होता. आज रात्री बसतो.